जयवंतामावशीचा वाळा

आम्हा शहरातल्या, राजापेठेतल्या मुलींना वाळा म्हटलं की कूलरची ताटी आठवते. पाणी पडलं की घरभर दरवळणारा तो वास. पण वाळ्याला हिरवी पाती असतात, तो मातीत उगवतो, हे मला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. या अडाणीपणाची किंमत चांदूर बाजारजवळच्या जयवंतामावशीने मोजली.

एनएसएसचे माझे वीस तास कमी पडत होते. पोळ्याच्या आत ते भरले नाहीत तर प्रमाणपत्र नाही, आणि त्याचे जादा गुणही नाहीत. सरांनी पूर्णा नदीचा काठ साफ करायचं काम लावून दिलं. अट एकच घातली, ज्याच्या काठावर काम करायचं त्याची कागदावर सही हवी.

काठ जयवंतामावशीचा होता. साठीची, काटक बाई. बोलणं असं, की नवख्याला वाटावं भांडूनच राहिली. लग्न होऊन तेल्हाऱ्याहून इकडे आली. नवरा महादेवराव गेल्यावर दीड एकरात वांगी आणि झेंडू लावून तिने दोन मुली उजवल्या. नदी दर पावसाळ्यात तिच्या वावराचा तुकडा तोडून न्यायची. मावशी अर्ज-विनंत्यांच्या भानगडीत पडली नाही. माहेरच्या बांधावरचा वाळा पिशवीत घालून एसटीने आणला आणि मुळांनी माती धरून ठेवावी म्हणून काठाला ओळीने लावला. तीन वर्षं ती तो जपत होती.

आम्ही दहा जणींनी तो एका सकाळी उपटला.

मावशी झेंडू घेऊन बाजाराला गेली होती. आम्ही प्लास्टिक उचललं, चिंध्या उचलल्या, तरी मोबाइलमधल्या फोटोत काठ काही साफ दिसेना. "हे गवत काढून टाकू," असं मीच म्हटलं. मुळं निघेनात तेव्हा कुदळही मीच आणली. दुपारी डबा उघडला आणि माझ्या बोटांना कूलरचा वास आला. उपटलेल्या ढिगातलं एक मूळ मी नाकाशी नेलं, तो वाळाच होता.

तेवढ्यात मावशी रिकामी टोपली घेऊन परतली आणि ढिगाऱ्याजवळ थांबली.

"काहून उपटलं वं पोरी?"

"मावशी, आम्हाला गवत वाटलं."

"गवतच हाय ते. पण माह्यं हाय."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि एकेक ठोंब चाचपून पाहू लागली. "मेलं नाई अजून. पाणी शिंपडा. पाती इतभर ठेवून कापा. उद्या लावू."

"आणि सही?" माझी मैत्रीण गीतांजली हळूच म्हणाली.

"पूर येऊ दे. जेवढं उभं राईन, तेवढ्याचे तास."

हे ऐकून सात जणींनी दुसरं गाव धरलं. त्यांच्या सह्या आठवड्यात झाल्या. आम्ही तिघी चार दिवस वाळा लावत होतो. मावशी मागून येऊन प्रत्येक ठोंब ओढून पाहायची. हातात आला तर पुन्हा लावायला सांगायची. शेवटच्या दिवशी मात्र तिला बाजार होता आणि मला पाचची एसटी गाठायची होती. बाभळीकडचं टोक मी भराभर उरकलं.

श्रावणात पूर आला. पाणी ओसरल्यावर मी कागद घेऊन गेले. लांबवर काठ जागेवर होता, वाळ्याला नवी पाती फुटली होती. बाभळीकडचं टोक तेवढं नव्हतं. वांग्यांच्या दोन ओळीही त्याच्याबरोबर गेल्या होत्या. ते टोक कुणी लावलं होतं, हे मावशीने विचारलं नाही. तिला माहीत होतं.

तिने काठ पावलांनी मोजला आणि कागदावर सावकाश अकरा तास लिहून सही केली.

नऊ तास गेले, प्रमाणपत्रही गेलं. घरी येऊन मी रडले, खोटं कशाला सांगू. मावशीचा राग करून पाहिला, पण तो काही टिकला नाही. डोळ्यांसमोर त्या वांग्यांच्या दोन ओळीच येत होत्या.

पोळा झाल्यावरच्या रविवारी मी पुन्हा तिच्या वावरात उभी राहिले. मावशी झेंडू खुडत होती.

"कागद कुठी हाय?"

"आणला नाही, मावशी."

तिने झेंडूची टोपली खाली ठेवली. मग दाट वाढलेल्या वाळ्यातून एक ठोंब सोडवला आणि माझ्या हातात दिला.

"बाभयीपासून लाव. सांजच्याले जेवूनच जाजो."