आधी पाणी, मग राजा

आम्ही विट्याकडचे गलाईवाले. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबानं शुद्ध करून परत द्यायचं, हा आमचा धंदा. लखनौच्या चौक बाजारात खाली भट्टी होती आणि वर आम्ही राहायचो. तेजाबाचा धूर जिन्यानं वर यायचा, वाळत घातलेल्या कपड्यांत बसायचा. खोकला ऐकू आला की आप्पा, म्हणजे माझे वडील, उठले हे कळायचं. त्यांच्या बोटांची कातडी पिवळी पडली होती, ती कशानंच निघत नसे. आमच्यात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी बारावीत गेले आणि कोइमतूरचं स्थळ आलं. मुलाचंही गलाईचं दुकान. म्हणजे गाव बदलणार, भाषा बदलणार, धूर तोच.

मेघनाताई त्याच वर्षी भेटल्या, इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत. आरतीला गर्दी झाली होती आणि ही चष्मेवाली बाई देखाव्यातल्या थर्माकोलच्या किल्ल्याकडे चिंतेनं बघत होती. देखावा करणाऱ्याला म्हणाली, "भैया, किल्ला झकास है, पर इसमें पानी कहाँ है?" तो म्हणाला, "मॅडम, थर्माकोल गल जाएगा." मी हसले. ताई हसल्या नाहीत. "वेढा पडला तर लोक पितील काय?" असं त्यांनी मला विचारलं, जणू वेढा उद्याच पडणार होता.

ताई मानक नगरात रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. कामावर त्या पुलांची तपासणी करत. "पूल पडायच्या आधी आपण तो मनात पाडून बघायचा," असं सांगत. घरून निघताना गॅस बंद आहे ना हे बघायला जिन्यावरून परत फिरत. "माझी कल्पनाशक्ती म्हणजे नुसती काळजी आहे गं. तिचा पगार मिळतो एवढंच."

उरलेली काळजी त्या एका काल्पनिक देशावर खर्च करत. त्या देशाची कादंबरी त्या बरीच वर्षं लिहीत होत्या आणि रविवारी दुपारी तिच्यावरच बेतलेला खेळ आम्हा मुलांना खेळवत. टेबलावर नकाशा पसरायचा. प्रत्येकानं एक माणूस व्हायचं. ताई प्रसंग सांगणार, आपण काय करतो ते आपण सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकून ते जमलं की फसलं हे ठरवायचं. आईनं मला त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला पाठवलं होतं. खेळाचे नियम इंग्रजीत होते, त्यामुळे तेही होत होतं.

त्यांच्या शेजारचा अमेय मराठी कळूनही हिंदीतच बोलायचा. "ताई, यार, ड्रॅगन कब आएगा?"

"तो रोज खातो काय, ते सांग. मग आणते."

राजे, तलवारी, लढाया कुणी काढल्या की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आधी पाणी, मग राजा." एकदा त्यांनी आम्हाला इमामबाड्यात नेलं तेव्हा सगळे भूलभुलैयात पळाले. ताई मात्र तिथल्या बावडीच्या, जुन्या विहिरीच्या, पायऱ्यांवर मला घेऊन बसल्या. "इथे पाणी कोण भरत असेल? त्यांची नावं कुणी लिहिली असतील का?" इतिहास शिकायचा हे मी त्या पायऱ्यांवर ठरवलं. घरी मात्र बोलले नाही. कोइमतूरहून फोन येत होते.

अशात आप्पांना माझ्या पिशवीत फासा सापडला.

"ह्ये काय गं? फासं? जुगार खेळाय जातीस व्हय?"

मी समजावत गेले, तसा त्यांचा चेहरा आणखी उतरत गेला. पुढच्या रविवारी ते स्वतःच माझ्याबरोबर निघाले. मला वाटलं, आज इंग्रजी संपलं, खेळ संपला, सगळंच संपलं.

ताईही घाबरल्या. पण खुर्ची सरकवून म्हणाल्या, "बसा. बघण्यापेक्षा खेळाच. गावच्या पाटलाची जागा रिकामी आहे."

गेल्या रविवारी खेळ असा थांबला होता: नकाशे काढणारी एक मुलगी, म्हणजे मी, डोंगर ओलांडून दूरच्या शहरात शिकायला निघाली होती आणि पाटलाची परवानगी अडली होती. ताईंनी आप्पांच्या हातात फासा दिला. "टाका. बारा किंवा वर पडलं तर ती सुखरूप पोहोचेल."

आप्पांनी फासा बोटांत फिरवला. "म्याडम, पोरीला आसं फाशावर सोडत्यात व्हय? आधी चौकशी नको?"

"करा की. जितकी तजवीज, तितका फासा सोपा."

मग आप्पा सुरू झाले. सोबत कोण? मुक्काम कुठं? घाटात चोर हायत काय? ताई उत्तरं देत होत्या आणि लागणारा आकडा उतरत होता. शेवटी आप्पा नकाशावर वाकले, पिवळं बोट वाटेवर ठेवलं आणि म्हणाले, "आन् ह्या वाटंला प्यायचं पाणी कुठं हाय?"

ताईंनी चष्मा काढून पुसला. "इतक्या वर्षांत मी न सांगता हे विचारणारे तुम्ही पहिले."

आता फासा टाकायचा होता. आप्पांनी तो माझ्यापुढे ठेवला. "माझ्या हातनं नको. जायाचंय तिला, तिनं टाकावा."

मी टाकला. पडलं ते पुरेसं होतं. अमेय ओरडला, "अंकल, अगले संडे भी आना!"

परतीची ई-रिक्षा चारबाग स्टेशनपाशी आली. रस्त्याकडे बघत आप्पांनी विचारलं, "तुला जायाचंय त्या कॉलेजात प्यायचं पाणी बरं असतंय का?" पाठोपाठ दुसरा प्रश्न. सोबत कोण? सुटतं कधी? मला जेवढी उत्तरं माहीत होती तेवढी दिली, उरलेली चौकशी ते स्वतः जाऊन करून आले. कोइमतूरला त्यांनीच फोन करून नकार कळवला.

ताई आता निवृत्त होऊन साताऱ्याला गेल्यात. कादंबरी अपुरीच आहे. त्या देशाच्या राजधानीला पाणी कुठून आणायचं ते अजून सुटलेलं नाही, असं परवाच फोनवर काळजीनं सांगत होत्या.

मी इतिहास घेऊन बी.ए. झाले. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली.