पानावरची पेज

संभाजीनगरहून रोज एसटीनं खुलताबादला जायचं, शाळेत विज्ञान शिकवायचं, परत यायचं. तीच पुस्तकं, तीच चित्रं. खरं सांगायचं तर आता थकलोय. पण एक गोष्ट मी या जूनपर्यंत कुणालाच सांगितली नव्हती.

बऱ्याच वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगी होती. घरी शेळ्या, आई आमच्याच शाळेत पोषण आहाराचा भात शिजवायची. एकदा नळाजवळच्या भिंतीवरचं शेवाळ ती तळहातावर घेऊन आली. "सर, याला मुळंच नायत. मग हे खातं काय?"

मी सांगितलं, ते सगळ्या अंगानं पाणी पितं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि उन्हाच्या जोरावर त्यांची साखर बनवतं. झाडाचं पानही तेच करतं. उरलेली साखर स्टार्च करून साठवतं.

"म्हंजे शेळीपरीस हुशार हाय की!"

वर्ग हसला. मीही.

पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब यायचे होते. प्रयोग साधा. जास्वंदाची कुंडी दोन दिवस अंधारात ठेवायची, म्हणजे पानातला साठा संपतो. मग दिवसभर उन्हात. ते पान उकळून, स्पिरिटमध्ये हिरवा रंग काढून वर आयोडीन टाकलं, की स्टार्चमुळं काळंनिळं होतं. मी कुंडी अंधाऱ्या खोलीतून बाहेर काढायलाच विसरलो. आठवलं तेव्हा साहेब हेडमास्तरांच्या खोलीत चहा घेत होते. मी मागच्या बाजूनं स्वयंपाकाच्या खोलीत गेलो आणि वाटीभर पेज मागितली.

"पोट बिघडलं का सर?" तिच्या आईनं विचारलं.

"व्हय," म्हणालो.

भाताच्या पेजेतही स्टार्चच असतो; रंग काढलेल्या माझ्या पानाला ती गुपचूप चोळली. पान काळंनिळं झालं, टाळ्या पडल्या. त्याच कुंडीतलं दुसरं पान त्या मुलीनं नीट, सांगितलं तसं केलं होतं. ते पिवळटच राहिलं.

"सर, माझं नाय झालं."

"शेळ्या हाकण्याइतकं सोपं नसतं ते," मी म्हणालो. साहेबसुद्धा हसले.

त्यानंतर तिनं माझ्या तासाला कधी हात वर केला नाही. दहावीनंतर आर्ट्स घेतलं, एवढं कानावर आलं.

या जूनमध्ये ती लेकीला पहिलीत घालायला आली. मी तिला व्हरांड्यात थांबवलं आणि सगळं सांगितलं. तुझं पान बरोबर होतं, म्हणालो.

"ठाऊक हाय सर. पेज नेली व्हती, आता सरांचं पोट कसंय म्हणून आईनं त्याच सांजंला इचारलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? सर तर तुम्हीच." जरा थांबून म्हणाली, "खरं करून बी लोक हसतेत. म्हणलं, नगं ते सायन्स."

तिची लेक नळाजवळच्या भिंतीला बोटं लावत होती.

"आई, हे लई मऊ हाय."

"सरांना इचार," ती म्हणाली, "काय खातं ते."

मी भिंतीपाशी हळूहळू खाली बसलो. गुडघे कुरकुरतात हल्ली.