हरिहररावांची टर्नटेबलची चौकशी

हरिहररावांनी अमरावतीच्या कोर्टात उभी हयात वकिली केली. समोरचा खरं बोलतो की खोटं, हे मागाहून पाहायचं. आधी त्यात त्याचा फायदा काय ते पाहायचं, ही खोड वकिली सोडल्यावरही गेली नाही. म्हणून तर साधा टर्नटेबल घ्यायचा, तर वर्ष सरत आलं होतं.

जुना रेकॉर्ड-प्लेअर चालू होता, पण त्यांच्या लेखी तो कामातून गेलेला. गाण्यामागचा तंबोरा त्यावर ऐकूच येईना. गवई तेवढा गातो आणि मागे सगळं कोरडं. नव्या यंत्रावर तंबोरा परत येईल, या एका आशेवर सगळी चौकशी चालली होती. कानात मशीन होतं. ते बोलणं कळण्यापुरतंच, असं डॉक्टर म्हणाले होते, पण ते वाक्य हरिहररावांनी सोयीने बाजूला सारलं होतं.

दुकानदार कुंदनने रंगीत दिव्यांचा एक डबा पुढे केला. डोळे मिटून घेऊन टाका म्हणाला. तुझ्या घरी कोणता, असं विचारल्यावर हसून म्हणाला, "मी तं मोबाइलवरच ऐकतो, काका." पुतण्या अंकुरने पुण्याहून व्हिडिओ पाठवले, त्यातल्या जाणकारांना यंत्रं कंपनीनेच दिलेली निघाली. ओळखीच्या प्राध्यापकांनी एक दुकान सुचवलं, ते त्यांच्या साडूचं.

"अहो, इतकी चौकशी तर जावयाची केली नव्हती तुम्ही," सिंधूताई म्हणाल्या.

शेवटी अकोल्याचा केदार सापडला. मित्राचा मुलगा, ध्वनिमुद्रणात वर्षं काढून परतलेला. त्याला विकायचं काही नव्हतं. दोघं नवराबायको बडनेऱ्याहून गाडीने त्याच्याकडे गेले. घरची एक रेकॉर्ड सिंधूताईंनी मांडीवर जपून नेली. दुपारी ओटा आवरताना त्या तीच लावत.

केदारने एक साधं, एक भारी अशी दोन यंत्रं मांडली आणि काकांची खुर्ची तिकडे पाठ करून ठेवली. समोर सिंधूताई बसल्या. रेकॉर्ड आधी साध्यावर वाजली, मग भारीवर.

"लाव आता दुसरं," हरिहरराव म्हणाले.

केदार म्हणाला, "काका, दुसरंच वाजून राहिलं."

पुन्हा लावून पाहिलं. तेच. मग केदारने आडपडदा न ठेवता सांगितलं, की कोणतंच घेऊ नका, तुम्हाला दोन्ही एकच. जुन्या प्लेअरचाही दोष नसेल.

ज्यात कुणाचा फायदा नाही असा सल्ला अखेर मिळाला होता. हरकत घ्यायला कुठे जागाच नव्हती.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. केस हरून आले की "तुमचंच चुकलं" असं तोंडावर सांगणारी ही बाई. तोंडदेखलं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

"तुला काय वाटलं?"

"मलाही सारखंच वाटलं," सिंधूताई म्हणाल्या.

भारी यंत्र सुरू झालं तेव्हा पाण्याच्या बाटलीचं झाकण लावता लावता तिचा हात थांबला होता, मान वर झाली होती. हरिहररावांनी ते समोरूनच पाहिलं होतं. त्यांनी उलटतपासणी घेतली नाही. रेकॉर्ड उचलून केदारच्या हातात दिली.

"तुझ्याकडेच राहू दे. आम्हा दोघांना आता सगळं सारखंच. घरच्याही पाठवून देतो."

सिंधूताई काही बोलायला गेल्या. पण 'सारखंच वाटलं' असं म्हणून बसल्यावर आता ती रेकॉर्ड कोणत्या तोंडाने मागायची?