जांभळ्या जिभा

काल दुपारी आमच्या ऑफिसात सगळ्यांच्याच जिभा जांभळ्या झाल्या. पूर्वी डबे संपले की कुणीतरी गोड काढायचं, आणि पुडा सुटायच्या आत टेबलाच्या टोकावरून सावंत ओरडायचे, "अरे, मला ठेवा की!"

मग सावंतांची बायपास झाली. जेवणाबरोबर जांभळासारखी फळं खा, साखर जरा दमानं चढते, रक्तवाहिन्यांनाही बरं, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. ते कामावर परतले आणि आम्ही सगळ्यांनीच गोड सोडलं. "आता नकोच वाटतं हो," असं त्यांच्या देखत एकमेकांना सांगायचो. सावंत मान खाली घालून जांभळं खायचे.

काल त्यांनीच पिशवीतून बर्फीचा पुडा काढला.

"खा तुम्ही. तुम्ही सगळे पथ्य करता ना, तेव्हा मला रोज नव्यानं आजारी पडल्यासारखं वाटतं."

जांभळाचा गुण त्यांच्या रक्तात उतरत असेलही, पण आमची काळजी त्यांच्या घशात अडकत होती. जपायच्या नादात आपण माणसाला किती वेगळं बसवतो!

आम्ही बर्फी खाल्ली. खरं सांगतो, फार छान लागली. मग शेजारी बसलेल्या शुभदानं सहज सावंतांच्या डब्यातलं एक टपोरं जांभूळ उचललं. मीही हात घातला. बघता बघता डब्याचा तळ दिसायला लागला, तसे सावंत टेबलावर थाप मारून ओरडले,

"अरे, मला ठेवा की!"