मारिनाचा चेहरा

कोझिमोचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कणकेची खळ शिजवायची, कागदाला कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचा, आणि सहाला बाकीचे कामगार येईपर्यंत ती कोमट करून ठेवायची. लेच्चे शहरात पिप्पी उस्तादांच्या कारखान्यात कागदाचे संत बनत. चाळीस वर्षं कोझिमोने त्यांची अंगं बांधली. पेंढा सुतळीने आवळायचा, वर खळीत भिजवलेल्या कागदाचे थर द्यायचे, मग लोखंडी पळी निखाऱ्यात लाल करून कागद डागायचा. त्याने सुरकुती बसते. पळी जरा जास्त टेकली की गालाला भोक. चाळीस वर्षांत त्याच्या हातून दोनच भोकं पडली, आणि दोन्ही त्याला आठवत.

चेहरे मात्र उस्तादांचे. ते मातीत घडवायचे, साचा काढायचे. साच्यातून निघालेला कागदी चेहरा कोझिमोकडे डागायला यायचा. एक चेहरा आपणही करावा, असं त्याला दर वर्षी वाटे.

उस्ताद वारले, कारखाना बंद पडला. कोझिमोने एक खोली भाड्याने घेतली. दारावर आपल्या नावाची संगमरवरी पाटी लावायची म्हणून मजुरीतून साठवलेले पैसे पिठाच्या डब्यात होते. पहिलंच काम जवळच्या एका गावच्या चर्चच्या फादर फेर्रुच्चोंनी आणलं. पुरुषभर उंचीची सांता मारिना या संतिणीची मूर्ती, जुलैच्या उत्सवात खांद्यावरून मिरवायला.

"चेहरा तुझ्या हातचा पाहिजे हां," फादर म्हणाले. "पलीकडच्या गावात उस्तादांची मारिना आहे. तिच्यासारखी दुसरी नको. आमच्या लोकांना आमची हवी."

ईस्टरपर्यंत अंग तयार झालं. झग्याची एकेक चुणी अशी की हात लावून पाहावा. मग कोझिमो माती घेऊन बसला.

तीन सकाळी बायको आस्सुन्ता त्याच्यासमोर स्टुलावर बसली. चौथ्या दिवशी तिने येऊन पाहिलं.

"ही मी?"

"मग कोण?"

"पिप्पीची बाई आहे ही! पापण्या खाली, तोंड एवढंसं. तुझा हात त्याच्याच घरी विसरून आलास का रे?"

त्याने माती मोडून पाण्यात टाकली. बेकरीवाल्याच्या मुलीला बसवलं, तीच पापणी. डाव्या हाताने केलं, तेच ओठ. डोळे मिटून केलं, तेच. अकरा चेहरे मोडले. पहाटे चारला तो अजूनही उठायचा, खळ मात्र नव्हती. भिजवलेला सुका पाव टोमॅटोबरोबर खायचा आणि मातीसमोर बसायचा. कष्टाने होत नाही असं काम त्याला आजवर भेटलं नव्हतं. भारा उचलवत नसेल तर माणूस जोर वाढवतो. इथे कशाचा वाढवायचा?

जून संपता संपता फादर आले. बिनतोंडाची मूर्ती पाहून कपाळावर हात मारून खाली बसले.

"तोंडावर फडकं टाकून मिरवू का रे हिला?"

"होत नाही, फादर."

"मग कुणाचंही लाव बाबा. उस्तादांचं लाव. हसतील शेजारचे, हसू देत."

कोझिमो उस्तादांच्या विधवेकडे, रोझारियाबाईंकडे गेला. त्यांनी माळ्यावरून मारिनाचा साचा काढला. आत तोंड उलटं, खोल.

कोझिमोने आत बोट फिरवलं. पापणी खाली नव्हती. उघडी होती.

"बाई, हा तो नव्हे."

"तोच. तुझ्या पळीने पडायची ती पापणी. पिप्पी घरी येऊन चिडायचा, हा गाढव माझी तोंडं बिघडवतो म्हणून."

"मला कधी बोलले नाहीत."

"गिऱ्हाइकांना तशीच आवडायची, मग कसला बोलतोय!"

कोझिमोने पुन्हा त्या पापणीवर बोट फिरवलं. "म्हणजे तो चेहरा माझाच?"

"आता कोण सांगणार? ज्याला ठाऊक होतं तो गेला." बाईंनी साच्यावरची धूळ एप्रनच्या काठाने पुसली. "बारी शहरचा एक व्यापारी चांगले पैसे देतोय याचे. तुला हवा असला तर आजच ने."

साचा घेऊन गेलं तरी हा हात तीच पापणी पाडणार, हे त्याला कळत होतं. शेजारच्या गावचीच मारिना होणार. दुसरा हात नव्हता, पण ती पापणी तरी त्याचीच होती.

तो घरी जाऊन पिठाचा डबा घेऊन आला आणि रोझारियाबाईंच्या टेबलावर उपडा केला. पाटीच्या पैशांत तो साचा आला.