नागापूर ते लडाख, मार्गे आत्याबाई

माझा साडू माणूस वाईट नाही. मोटारसायकलवर एकटा राजस्थान आणि लडाख फिरून आला, एवढंच त्याचं चुकलं.

तेव्हापासून आमच्याकडे रोज भाकरी करपायला लागली. बायको, म्हणजे सुनंदा, तव्याशेजारी मोबाईल उभा करून त्याचे व्हिडिओ बघायची. "अहो बघा, दाजी वाळवंटात! आता बघा, दाजी बर्फात!" मी वीस वर्षं इथं नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर उभा आहे, पण माझा कुणी एक फोटो काढला नाही! (एकदा काढला होता. सेफ्टी शूज न घातल्याच्या नोटिशीला जोडायला.) खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"मीपण जाणार! एकटा!" एका रविवारी मी जाहीर केलं. इच्छा एकच होती. सुनंदा साडूच्या फोटोंवर ग्रुपवर लाल बदाम टाकते, तसा एक माझ्याही फोटोवर पडावा.

आठ दिवसांची रजा काढली, नवं हेल्मेट घेतलं. सुनंदानं ओवाळलं आणि ओवाळून झाल्यावर कुरडयांचा डबा पुढे केला.

"चाललाच आहात, तर नेवाशाला आत्याबाईंना देऊन जा."

नेवाशात आत्यानं गाडीकडं निरखून बघितलं. "एकटाच चालला व्हय? मंग मागं जागा मोकळीच हाय की!" आणि पाथर्डीच्या लेकीसाठी शिवलेल्या दोन गोधड्या माझ्या मागे करकचून बांधल्या.

"अगं आत्या, लडाख वरच्या अंगाला, पाथर्डी खालच्या!"

"मंग? तुला काय चालत जायचंय का?"

पाथर्डीत आत्याची लेक मंगल गोधड्या सोडवत होती, तेवढ्यात सुनंदाचा फोन. "तिथवर गेलाच आहात, तर खर्ड्याला ताईकडं जाऊन या ना. लडाखला काय काय लागतं, ते दाजींना विचारून घ्या."

विचारून घ्या! त्याला! माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यात मंगलनं अर्धंच ऐकलं.

"दादा, खर्ड्याला चाललास? मग नणंदेला एवढा कोंबडा दे की!"

कोंबडा पाठीवरच्या सॅकमध्ये बसला, मुंडकं बाहेर. तो माझ्या कानात ओरडायचा आणि मी हेल्मेटच्या आत. वाटेत उजाड माळ लागले, घाट लागले. वाळवंट झालं, डोंगर झाले, जिल्हा तेवढा बदलला नाही!

खर्ड्याच्या किल्ल्यापाशी साडू मोबाईल घेऊन उभाच. "लई भारी, पाव्हणं! थांबा, हलू नका." आणि त्यानं तिथल्या तिथं फोटो ग्रुपवर टाकला.

मी श्वास रोखून मोबाईलकडे बघत राहिलो. मिनिटाच्या आत सुनंदाचा लाल बदाम! एक नाही, तीन! छाती अशी फुगली की जॅकेटची चेन सरकली. मग खाली तिचा मेसेज आला.

"दाजी, काय सुंदर फोटो काढता हो तुम्ही! कोंबडा किती रुबाबदार दिसतोय!"