हजेरीची वेळ

ती घटना आठवली की आजही आधी तित्तराचा आवाज ऐकू येतो.

मोठ्या दुष्काळाचे दिवस. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात मी फौजदार होतो. एका कोरड्या विहिरीत म्हाताऱ्या शेतकऱ्याचं प्रेत सापडलं. डोक्यात घाव. खबर त्याच्या पुतण्यानेच आणली.

"काल दिवेलागणीला माळावरचा पारधी विहिरीवरनं पळताना बघितला, साहेब."

मी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि माळावर गेलो. चोरी असो की खून, आमची जीप आधी तिकडेच वळायची. पालं रिकामी होती. चुली अजून गरम. पिंजऱ्यात शिकारीसाठी पाळलेला तित्तर, आणि शेजारी एक पारधी एकटाच बसलेला.

"तू नाही पळालास?"

"मी कशाला पळू?"

त्याला उचललं. पिंजरा मुद्देमाल म्हणून जप्त केला.

"काल दिवेलागणीला कुठं होतास?"

"तुमच्याच ठान्यात. हजेरीला."

थट्टा करतोय असं समजून मी थोबाडीत दिली. जबाबात ते वाक्य घेतलंच नाही. माळावरच्या पारध्यांचे रोज दिवेलागणीला अंगठे घ्यायची ती हजेरीची वही हाताच्या अंतरावर होती.

पाच दिवस तो कोठडीत होता. तित्तर दिवसभर गप्प असायचा आणि सूर्य टेकला की ओरडायचा. शिपाई पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जायचं टाळू लागले.

सहाव्या दिवशी तित्तर ओरडला तसा हवालदार हसला. "साहेब, याला बी हजेरीची वेळ कळती बघा!" त्याने वही उघडली. का कोण जाणे, मी मागची पानं उलटली. खुनाच्या तारखेला त्या पारध्याच्या नावापुढे अंगठा होता. शेजारी हवालदाराची सही.

"तुम्ही याला ओळखलं नाही?"

"तीस जनांची रांग असती साहेब. आमी अंगठा बघतो, तोंड कोन बघतं?"

त्याला काय बोलणार? त्या संध्याकाळी मीही दारातच खुर्ची टाकून बसलो होतो. तो माझ्यासमोरून गेला असणार.

पुतण्याला परत बोलावलं. या वेळी उभंच ठेवलं. वही त्याच्यापुढे केली. बांधाच्या भांडणात चुलत्याच्या डोक्यात पहार घातल्याचं त्याने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पारधी सुटला. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "पयल्याच दिवशी सांगितलं हुतं, साहेब."

आरोपीच्या तोंडाकडे बघण्याआधी मी त्याची जात बघितली होती. पुढच्या सगळ्या नोकरीत, कुणाला कोठडीत टाकताना, त्याचं ते वाक्य माझ्या कानाशी असायचं.

पिंजरा घेऊन तो दारापर्यंत गेला. सूर्य टेकला होता. तित्तर ओरडला. तो थांबला, मागे वळला, टेबलाशी आला आणि मुकाट्याने अंगठा पुढे केला.

आणि मी शाईची डबी त्याच्याकडे सरकवली.